बीपीची लघवीची गोळी आणि सेंट्रल लाइन

डॉक्टर म्हणाले, "आता बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीसोबत एक छोटीशी लघवीची गोळी जोडूया," आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं तर, "अहो पण डॉक्टर, मुलुंड ते सीएसटी मी काय करायचं?" ते हसायला लागले. मला काही हसू येत नव्हतं. सकाळच्या फास्टने जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, घाटकोपरनंतर लेडीज डब्यात हात वर केला तर खाली घ्यायला जागा नसते, तिथे जोराची लागली तर उतरायचं कसं आणि उतरून जायचं कुठे. गाडीत सोय नाही, आणि स्टेशनवरच्या सोयीबद्दल काय बोलावं, एका स्टेशनवर लेडीजला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे ते तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. या शहरात बायकांना मुतारी मिळावी म्हणून २०११ मध्ये 'राइट टू पी' नावाने चळवळ उभी करावी लागली, एवढ्यावरून काय ते समजा.

तर ज्यांना आत्ताच कुणी ही गोळी लिहून दिलीये आणि ती पर्समध्येच पडून आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, बँकेत खर्डेघाशी करते, जे माझ्याबाबतीत झालं आणि जे विचारून विचारून कळलं तेवढंच सांगते.

बीपी निघालं ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये. १५८/९६. मी म्हटलं घाईघाईत जिना चढून आलेय म्हणून असेल, तर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मशीन घेऊन घरी मोजायला लावलं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, आधी बाथरूमला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला टेबलवर, बोलायचं नाही. आमच्या घरात पाच मिनिटं गप्प बसणं हीच मोठी परीक्षा. घरचं सरासरी १३५/८५ च्या वर येत असेल तर बीपी आहे असं धरतात, माझं दीडशेच्या आसपास घुटमळत होतं.

पहिली गोळी मिळाली अ‍ॅम्लोडिपिन. पाच मिलिग्रॅमने थोडं उतरलं, मग दहा केली, आणि पाय सुजले. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर रबराची खोल वळी उठलेली असायची आणि बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या अगं लॅसिक्स, ती जोराची लघवीची गोळी, घे अर्धी, सूज उतरते, माझ्या भावाला देतात. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी हातच जोडले. म्हणाले ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नाहीये, या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाणी तिथून पाझरून घोट्यात उतरतं, ते लघवीवाटे काढायला गेलं तर सूज फारशी जात नाही, उगाच बाकीचं अंग कोरडं पडतं. त्यापेक्षा गोळीच बदलू. मग टेल्मिसार्टन ४० आली, सूज गेली, पण बीपी १४६-१४८ वर अडून बसलं. आणि मग ही लघवीची गोळी, क्लोरथॅलिडोन साडेबारा मिलिग्रॅम, टेल्मिसार्टनच्या सोबतच एका गोळीत.

माझी भीती उगाच नव्हती हो. आमच्या सासऱ्यांचं हार्टचं पंपिंग कमी झालं होतं आणि त्यांना सकाळी लॅसिक्स असायची, ती घेतली की दुपारपर्यंत माणूस बाथरूमच्या दारापासून लांब जात नसे, खुर्चीच तिथे नेऊन ठेवली होती. लघवीची गोळी म्हणजे माझ्या डोळ्यासमोर ती खुर्ची यायची.

फरक समजावला तो लेकीने. ती बीफार्मला आहे, लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने तिने एक वेडीवाकडी नळी काढली. "आई, हे बघ, किडनी दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं बहुतेक सगळं परत ओढून घेते, बाहेर पडतं ते फक्त दीड-दोन लिटर. आणि पाणी ओढलं जातं ते मिठाच्या मागे मागे. आता ही नळी मध्ये अशी खाली जाऊन वर येते ना, तिथे गाळलेल्या सोडियमपैकी साधारण पाव हिस्सा परत घेतला जातो, आजोबांची लॅसिक्स तिथे काम करायची, पाव हिस्सा अडवला म्हणजे नळ सोडल्यासारखंच होणार. तुझी गोळी त्याच्या पुढच्या तुकड्यात काम करते, तिथे जेमतेम पाचेक टक्के सोडियम परत घेतलं जातं. त्यामुळे तुझं तसं होणार नाही." लॅसिक्सचा जोर तासा-दोन तासात येतो आणि सहा तासात उतरतो, माझी गोळी सावकाश चढते आणि दोन-दोन दिवस अंगात रेंगाळते. म्हणून हार्ट फेल्युअर म्हणजे हार्टचं पंपिंग कमी पडणं, अंगावर सूज, किडनी बरीच कमजोर झालेली असली की लॅसिक्स किंवा टॉर्सेमाइड, आणि नुसतं बीपी असलं की क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, नाहीतर हायड्रोक्लोरोथायझाइड. तिसरा एक प्रकार आहे स्पायरोनोलॅक्टोनचा, तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी हटत नाही त्यांना चौथी म्हणून ती देतात, त्याचा मला अनुभव नाही.

पण मला खरं कोडं पडलं ते पुढे. म्हटलं पाणी काढून बीपी उतरवायचं तर जन्मभर पाणी काढतच राहायचं का? तर नाही. सुरुवातीचे काही आठवडे मीठ-पाणी थोडं जास्त जातं, रक्ताचं पाणी कमी होतं, त्याने बीपी उतरतं, मग शरीर जुळवून घेतं आणि लघवी जवळजवळ पहिल्यासारखी होते. पण बीपी खालीच राहतं, कारण तोपर्यंत रक्तवाहिन्यांचा ताठपणा कमी झालेला असतो. म्हणजे नाव लघवीची गोळी, आणि महिना-दीड महिन्यानंतर तिचं बरंचसं काम रक्तवाहिन्यांमध्ये. हे ऐकून मला जरा धीर आला. चार आठवडे काढायचे, गणपतीच्या आधीचे, बघू.

वेळेचं गणित मात्र मी स्वतः बसवलं. डॉक्टर म्हणाले होते सकाळी घ्या, रात्री घेतली तर झोपेतून उठावं लागेल. बहुतेक बायका सकाळी सहाला डबे करता करता गोळ्या उरकतात, पण मी म्हटलं ऑफिसला पोचून दहा वाजता घेतली तर चालेल का? म्हणाले रोज एकाच वेळी घ्या, चालेल. मग ती पट्टी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या डब्यात. चहा आला की गोळी. दुपारी बारा ते चार या वेळात फेऱ्या वाढायच्या, पण तेव्हा मी फोर्टमध्ये, आमच्या मजल्यावर बऱ्यापैकी स्वच्छ वॉशरूम. संध्याकाळच्या गाडीला बसेपर्यंत सगळं शांत. पहिला आठवडा सहकारी बायकांनी "काय गं, सारखी कुठे" म्हणून छळलं, नंतर माझंही लक्ष जाईनासं झालं. खरं सांगते, प्रवासात एकदाही अडचण आली नाही. ज्याची धास्ती घेतली होती ते प्रकरण तिथेच मिटलं.

एक मात्र डॉक्टरांनी बजावलं आणि ते मुंबईच्या बायकांना फार लागू आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी घरून निघताना पाणीच पीत नाहीत, ऑफिस येईपर्यंत घसा कोरडा ठेवायचा, बाथरूमची कटकट नको म्हणून. या गोळीवर असताना तसं करू नका म्हणाले, आणि अचानक ताडकन उठू नका. ते उठण्याचं मला दादरला कळलं, ठाण्याहून आलेली एक बाई उतरली म्हणून मी चौथी सीट सोडून उभी राहिले आणि क्षणभर डोळ्यापुढे अंधारी. पडले नाही, गर्दीत पडायला जागा असते कुठे. पण तेव्हापासून उठायच्या आधी पाय हलवते, मग उभी राहते.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण बाथरूमबद्दल सगळे विचारतात आणि याबद्दल कुणीच विचारत नाही. रक्ततपासणी. गोळी सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), सोडियम, पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड आणि शुगर करून घेतली होती, आणि तीन-चार आठवड्यांनी परत करा म्हणाले. मला वाटलं लॅबवाल्याशी काही साटंलोटं आहे की काय. तसं नव्हतं. ही गोळी मिठाबरोबर पोटॅशियमही बाहेर काढते, ते फार उतरलं तर पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, हार्टच्या ठोक्यांची गडबड होऊ शकते. युरिक अ‍ॅसिड वाढवते, म्हणून ज्यांना गाउट आहे, अंगठा लाल होऊन ठणकतो, त्यांना शक्यतो टाळतात, आमच्या ह्यांना म्हणूनच ही दिली नाही. शुगर किंचित वाढू शकते. आणि सोडियम उतरू शकतं, विशेषतः वयस्कर आणि बारीक अंगाच्या बायकांत. माझं पोटॅशियम ४.३ वरून ३.९ झालं, ठीक. टेल्मिसार्टन पोटॅशियम थोडं वाढवते आणि ही कमी करते, जोडी म्हणून बरी जमते. म्हणून कुणी सांगितलं की लघवीची गोळी चालू आहे ना, मग रोज शहाळं पी, चार केळी खा, लो सोडियम मीठ आण, तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या लो सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टनवर असताना ते उलटं जास्तही होऊ शकतं.

गणपती झाले, दिवाळी झाली, बीपी १२४ ते १३० मध्ये, खालचं ८० च्या आसपास. मी खूश. मग आला मे महिना.

यंदाचा उकाडा सांगायला नको. सकाळी स्टेशनला पोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटलेला. सगळे म्हणतात पाणी प्या, पाणी प्या, मीही बाटल्यांवर बाटल्या रिचवत होते, साधं पाणी, आणि जेवण अळणी. मला काहीतरी होत होतं पण काय ते कळेना. डोकं जड, मळमळ, हिशोबाच्या एकाच ओळीवर तीनदा नजर फिरवायची आणि तरी टोटल लागायची नाही. बीपी मोजलं तर ११२. लेक म्हणाली आई, सोडियम करून घे, आजच. आलं १३१. नॉर्मल १३५ ते १४५ असतं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. घामातून मीठ जातंय, गोळी लघवीतून काढतेय, खाण्यात कमी, आणि वरून नुसतं पाणी ढोसलं की उरलेलं सोडियम आणखी पातळ होतं. ह्या गोळीवर किडनीला जादाचं पाणी बाहेर टाकणं जड जातं, म्हणून पाणी जास्त पिऊन हे सुधारत नाही, बिघडतं. ऑफिसमधली एकजण म्हणाली होती मीठ चाट चिमूटभर, तेही नको म्हणाले. त्यांनी काही दिवस लघवीची गोळी बंद करून नुसती टेल्मिसार्टन ठेवली, पाणी तहानेपुरतं, आणि परत तपासणी. सोडियम वर आल्यावर क्लोरथॅलिडोन सव्वासहा मिलिग्रॅमची सुरू केली, म्हणजे निम्मी. आणि गंमत बघा, निम्म्यावरही माझं बीपी १३० च्या आतच आहे. या गोळीचं तसंच आहे म्हणे, थोड्या डोसात बहुतेक फायदा मिळून जातो, डोस वाढवला की बीपी फारसं आणखी उतरत नाही, त्रास मात्र वाढतो. पूर्वी ५० आणि १०० मिलिग्रॅम देत असत, लघवीच्या गोळ्यांची जी बदनामी झाली त्यातली बरीचशी त्या काळातली.

लेकीकडूनच कळलं की या जातीची पहिली गोळी १९५८ मध्ये बाजारात आली. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. तरी अजून टिकून आहे. अमेरिकेत 'ऑलहॅट' नावाचा मोठा अभ्यास झाला, ३३ हजारांवर माणसं, २००२ मध्ये निकाल आला, त्यात ही स्वस्तातली क्लोरथॅलिडोन अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल या बीपीच्याच दुसऱ्या गोळ्यांच्या शेजारी उभी केली तर हार्ट अटॅक टाळण्यात कुठेच कमी पडली नाही, आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात तर दोघींपेक्षा सरस ठरली. मला यातलं सगळं कळतं असं नाही, पण स्वस्त म्हणून हलकी समजायचं कारण नाही एवढं कळलं.

मिठाचं सांगायचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, अख्ख्या दिवसाचं, सगळं धरून. आमचं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, पावसाळ्यात सुका जवळा, बोंबील आणि खारवलेला बांगडा यावाचून पान हलत नाही. गोळी चालू आहे म्हणून मीठ खाल्लं तरी चालेल असं नसतं, उलट मीठ जास्त असलं की गोळीचा जोर कमी पडतो आणि पोटॅशियम जास्त जातं. खारा बांगडा मी सोडला. जवळा दोन-तीन पाण्यातून काढून क्वचित करते. पापड-लोणचं टेबलावरून कपाटात गेलं, बस. मे महिन्यातल्या प्रकारानंतर डॉक्टर म्हणाले अगदी अळणीही नको, मापात खा.

केमिस्टचा किस्सा सांगते कारण तो कुणाच्याही बाबतीत होऊ शकतो. टेल्मिसार्टनच्या गोळ्या नुसत्याही येतात आणि जोडगोळ्याही, नावाच्या शेवटी एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी असेल तर क्लोरथॅलिडोन, एएम असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. पट्ट्या दिसायला सारख्या. एका दुकानात संध्याकाळच्या गर्दीत माझी सीटी नव्हती तर काउंटरवरच्या मुलाने एएम दिली. मी पट्टी उलटी करून मागचं बारीक वाचलं आणि म्हटलं, ही नाही. "सेम आहे मॅडम, बीपीचीच आहे." म्हटलं अरे बाबा, बीपीचीच आहे पण हिनेच माझे पाय सुजले होते. तोंड वाकडं करून पट्टी परत घेतली. आता मी डॉक्टरांची चिठ्ठी न्यायच्या ऐवजी जुनी रिकामी पट्टीच नेते आणि घटकांची ओळ जुळवून बघते.

अजून दोन गोष्टी विचारून ठेवल्यात त्या कामाला आल्या. पावसाळ्यात पोट बिघडलं, उलट्या-जुलाब, तेव्हा डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले खाणंपिणं नीट सुरू होईपर्यंत टेल्मिसार्टन आणि लघवीची दोन्ही थांबवा, ओआरएस घ्या, बरं वाटलं की सुरू करा. अंगातलं पाणी गेलेलं असताना या गोळ्या चालू ठेवल्या तर किडनीवर ताण येतो. त्यातही मनानेच थांबवू नका, विचारून थांबवा. दुसरं दुखण्याच्या गोळ्यांचं. माझे गुडघे कुरकुरतात, पूर्वी डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन सर्रास घ्यायचे. त्यांनी बीपी वाढतं, लघवीच्या गोळीचा असर कमी होतो, आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची अशा तिन्ही एकत्र आल्या तर किडनीला धोका. आता पॅरासिटामॉल आणि शेक.

सध्या दर सहा महिन्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, आणि एकदा एप्रिलअखेर उन्हाळा सुरू होताना जादाची एक. लॅबचा मुलगा घरी येतो, दारातूनच विचारतो, "काकू, सोडियमवालं ना?"

आता घरात नवीन लफडं सुरू आहे. सासूबाई ब्याऐंशीच्या, बीपी १६८, त्यांनी माझं बघितलं आणि हट्टच धरला, "अगं तुझीच दे की मला अर्धी, तुला मानवलीये ना." वय जास्त म्हणून देत नाहीत असं नाही, ऐंशीच्या वरच्या माणसांवरही इंडापामाइडचा अभ्यास झालाय, 'हायव्हेट' नावाचा, २००८ मध्ये छापून आला, आणि फायदा दिसला होता. पण डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं तर आईंचं सोडियम गोळी न घेताच १३३. त्यामुळे त्यांना अ‍ॅम्लोडिपिन अडीच मिलिग्रॅम सुरू केलीये, पाय सुजतात का ते रोज रात्री मी बघते. त्या अजून रागावलेल्याच आहेत, म्हणतात सुनेला चांगली गोळी आणि मला साधी.